मदत हवी आहे: टोकियोतले शेवटचे 16 दिवस (पेन्शन, फ्रिज आणि शेजारच्या आजी)

मंडळी, सात वर्षांनी निशी-कासाई सोडून कायमचे पुण्याला चाललोय. विमान 29 मार्चचं. तीन ठिकाणी गाडी अडलीय.

सोफ्यासाठी सोदाई गोमीवाल्यांना (म्हणजे मोठ्या वस्तूंचा कचरा नेणाऱ्यांना) फोन केला, तर तारीख मिळाली 2 एप्रिलची! मार्चअखेर अख्खा देश घरं बदलतो, हे एव्हाना कळायला हवं होतं म्हणा. फ्रिज आणि वॉशिंग मशीन तर ते नेतच नाहीत. त्यांचं काय करायचं?

दुसरं, पेन्शन. सात वर्षं पैसे कापले गेलेत, पण परत मागायचे तर जास्तीत जास्त 60 महिनेच धरतात. दोन वर्षं पाण्यात. तरी घेऊन टाकावे का?

तिसऱ्यासाठीच खरं तर लिहायला बसले. शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी राहतात. दर नोव्हेंबरला पिशवीभर 'काकी' आणून देतात. (इकडचं ते नारिंगी फळ. पहिल्या वर्षी 'काकी' ऐकून मी त्यांच्या मागे कोण उभं आहे ते बघत होते.) लेक माझ्यापेक्षा त्यांच्याशी जास्त बोलतो. त्यांना अजून सांगितलेलंच नाही. पैठणीच्या काठाचे रुमाल द्यावेत असं मनात आहे. चालेल?

प्रतिसाद 1: फ्रिज जिथून घेतला त्या दुकानाला विचारा. जुना परत घेणं त्यांना कायद्याने भाग आहे, रिसायकलिंगचे पैसे मात्र तुमचे. पेन्शनची घाई नको. अर्जाला देश सोडल्यापासून दोन वर्षं मिळतात. भारतात पीएफ भरला असेल तर 2016 पासून लागू असलेल्या भारत-जपान करारामुळे ती वर्षं धरून दहा वर्षं पूर्ण होतात का बघा, मग म्हातारपणी जपानची पेन्शन लागू होते. एकदा रक्कम उचलली की ती सात वर्षं पुसली जातात. उचललीच तर 20.42 टक्के कर कापतील, तो परत मिळवायला जपानमध्ये राहणारा कुणीतरी कर-प्रतिनिधी नेमून ठेवा. 1 जानेवारीला तिथे होतात, म्हणजे जूनपासूनचा रहिवासी करही भरावा लागणार. त्यालाही तोच माणूस उपयोगी पडेल.

प्रतिसाद 2: रुमाल अजिबात नको! तिथे रुमाल म्हणजे संबंध तोडणं, निदान त्या पिढीत तरी. महागाचंही काही नको, परतफेड म्हणून त्या तितकंच काहीतरी आणतील आणि तुमच्या बॅगा आधीच भरलेल्या. खाऊन संपेल असं द्या. आणि बाई, आधी सांगा त्यांना. उद्याच.

धागाकर्ती: दोघांचे आभार. माझी पीएफची चार वर्षं आहेत, त्यामुळे पेन्शनला हात लावत नाही. दुकानवाले 27 ला फ्रिज आणि मशीन नेतायत. सोफा कुणाला हवाय का?

काल शंकरपाळे घेऊन गेले आणि आजींना सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. "गॅलरीतली तुळस दिसेना, तेव्हाच कळलं," म्हणाल्या. तुळस मी मागच्याच आठवड्यात एका मैत्रिणीकडे दिली होती.