कॉलेजात गेल्यावर डिस्लेक्सिया कुठून येतो?

वडगावची बाई: काल इथं बेळगावच्या ग्रुपवर एका प्राध्यापकांनी लिहिलं, "एसएसएलसी, पीयूसी (दहावी, बारावी) पास झालेल्या पोराला इंजिनिअरिंगला आल्यावर डिस्लेक्सिया कसा होतो? जादा वेळ मिळवायचे धंदे आहेत हे." वाचून रात्रभर चरफडले, म्हणून सविस्तर लिहितेय.

डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी असूनही वाचताना-लिहिताना अडखळणं, होत नाही सर, असतो. कुणी बघितलेला नसतो. माझा भाचा मराठी माध्यमातला. पाठांतर जबरदस्त, त्यावर पीयूसीपर्यंत तरला. इंजिनिअरिंगच्या व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कार्नो सायकल (उष्णतेच्या इंजिनाची आकृती) फळ्यावर काढून नीट समजावून सांगितली. लेखी पेपरात त्याच आकृतीखाली जेमतेम चार ओळी, एकच शब्द तीन तऱ्हेनं लिहिलेला, शेवटचे दोन प्रश्न कोरे. मग जुन्या वह्या काढल्या. पाचवीच्या वहीत 'उष्णता'चं 'उषणता', 'प्रश्न'चं 'पश्र', आणि त्यावर लाल शाईत 'शुद्धलेखन सुधार'. एवढंच! अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सात अपंगत्वं होती, त्यात डिस्लेक्सिया नव्हता आणि ऑटिझमही (स्वमग्नता) नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाली, तेव्हा कुठं ही पोरं कागदावर आली.

टिळकवाडीचे सर: मीच तो प्राध्यापक. जादा वेळ म्हणजे तासाला वीस मिनिटं. तीन तासांच्या पेपरला एक तास. शेजारी बसून सरळ मार्गानं लिहिणाऱ्यानं काय करायचं? परीक्षेच्या तोंडावर अपंगत्वाचे दाखले येतात, हे माझ्या डोळ्यांनी बघतोय.

वडगावची बाई: तोंडावर येतात, कारण तपासणीची तारीखच लवकर मिळत नाही. महिनोन् महिने खेटे घालतात आईबाप.

खानापूरकर: मूळ दुखणं वेगळंच आहे. तपासणी कुठल्या भाषेत? पोरगं घरात मराठी बोलतं, शाळेत मराठी, कन्नड, इंग्रजी, हिंदी शिकतं, आणि दाखला देणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर त्याला इंग्रजी उतारा वाचायला देतात. अडखळलं तर डिस्लेक्सिया की इंग्रजी कच्चं? आणि नाही अडखळलं तर "काही नाही, घरी जावा". मराठी शाळांत शिक्षक नाहीत ते नाहीतच, वर हे.

निपाणीवाला: आला सीमाप्रश्न! पोरांच्या आजारातसुद्धा तुम्हाला राज्यवाटपाचं १९५६ दिसतंय?

खानापूरकर: आजार म्हणू नका आधी. आणि हो, दिसतंय. हॉस्पिटलातला फॉर्म कन्नडमध्ये, समजावणारं कुणी नाही. माझ्या बहिणीनं 'कुटुंबात कुणाला असा त्रास?' या रकान्यात चुकून पत्ता लिहिला. उगाच बोलायलोय काय मी?

निपाणीवाला: माझी मुलगी कन्नड माध्यमात शिकली, तिलाही कुणी कन्नडमध्ये तपासलं नाही. भाषेचा अन्याय तुमच्या एकट्यावर झालेला नाही. प्रत्येक धागा तिकडं ओढायचा म्हणजे अतिच झालं.

समुपदेशक, शहापूर: दोघांचंही थोडं खरं आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' नावाची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत बनवली आहे. म्हणजे साधन आहे. दाखल्यासाठी मात्र २०१८ च्या अधिसूचनेत निमहान्सची (बंगळूरची मानसिक आरोग्य संस्था) बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, होती, आणि ती शाळकरी वयाच्या मुलांसाठी रचलेली. एकोणीस वर्षांचा हुशार विद्यार्थी तो उतारा हळूहळू का होईना वाचून काढतो आणि 'नॉर्मल' ठरतो. त्याच अधिसूचनेप्रमाणे पहिला दाखला आठव्या वर्षानंतर, मग चौदाव्या, मग अठराव्या वर्षी मिळायचा, आणि अठराव्याचा कायमचा असायचा. शाळेत ज्याच्याकडं कुणी लक्षच दिलं नाही, तो थेट अठराव्या वर्षी रांगेत उभा राहतो. ऑटिझम मोजायची 'इसा' ही मोजपट्टी चाळीस मुद्द्यांची. आयुष्यभर इतरांची नक्कल करून निभावलेली मुलगी त्यात सहज निसटते.

निपाणीवाला: तीच माझी मुलगी. बीकॉमला आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये पंखा खडखडला की तिचा हात थांबतो. तिला जादा वेळ नको, कोपऱ्यातली शांत खोली हवी. "नखरे आहेत" म्हणाले कॉलेजात. सर, तुमच्या त्या पोस्टवर शंभर जण टाळ्या वाजवतात तेव्हा ती वाचते.

टिळकवाडीचे सर: तुमच्या मुलीबद्दल मी काही बोललो नव्हतो.

वडगावची बाई: 'धंदे' हा शब्द सगळ्यांनाच लागला.

टिळकवाडीचे सर: बरं, तो शब्द मागे घेतो. पण खोटे दाखले असतात, यावर मी ठाम आहे. आणि अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली असणाऱ्यांनाही सवलत कशी?

समुपदेशक, शहापूर: कॉलेज प्रवेशातल्या पाच टक्के आरक्षणाला चाळीसची अट आहे. लेखनिक मिळायला ती अट लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सांगितलंय.

टिळकवाडीचे सर: हे माहीत नव्हतं. शांत खोली द्यायला माझ्या विभागात तरी अडचण नाही. खोलीला पैसे लागत नाहीत. जादा वेळ मात्र दाखल्याशिवाय देणार नाही.

खानापूरकर: आणि तो दाखला मराठीत तपासून कोण देणार, ते कुणीच सांगितलं नाही अजून.