सँटोरिनीच्या असिर्तिको द्राक्षाचा आंबटपणा उन्हात टिकतो कसा?

प्रश्न – काळी मृत्तिका

द्राक्ष उन्हात जसजसे पिकते तसतशी त्यातील साखर वाढते आणि आम्लता घटते, त्यामुळे उष्ण प्रदेशांतील पांढऱ्या वाइन बहुधा जड आणि सपक होतात, असे मी आजवर वाचत आले आहे. एजियन समुद्रातील सँटोरिनी बेटावर उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडत नाही, तरीही तेथील असिर्तिकोच्या वाइनमध्ये १३-१४ टक्के मद्यार्काबरोबर लिंबाची धारही असते. याचे श्रेय मातीला, लागवडीच्या पद्धतीला की वाणाला द्यायचे? शिवाय ही लागवड साडेतीन हजार वर्षे अखंड चालू आहे, या दाव्यात कितपत तथ्य आहे?

प्रतिसाद – खडकवेल

मातीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे तिच्यावाचून उलगडत नाही. बेटावरची जमीन म्हणजे प्युमिस (ज्वालामुखीतून निघालेला हलका, सच्छिद्र दगड), ज्वालामुखीची राख आणि लाव्हा यांचा भुसभुशीत थर आहे. तीत चिकणमाती जवळपास नाही आणि पालाशही (पोटॅशियम) फार कमी आहे. मण्यांत पालाश वाढले की टार्टारिक आम्लाचा क्षार बनतो, मोकळे आम्ल घटते आणि रसाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) चढतो. येथे पालाशच तुटपुंजे असल्याने पूर्ण पिकलेल्या द्राक्षाचा सामूही ३ च्या आसपास राहतो. चिकणमाती नसल्यामुळे फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीडही या बेटावर तग धरू शकली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या आणि बहुतेक ठिकाणी अमेरिकी खुंटांवर कलमे करावी लागली, पण सँटोरिनीच्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

लागवडीची रीतही याच जमिनीला आणि वाऱ्याला साजेशी आहे. पारंपरिक बागेत मांडव नसतो, तारा नसतात. छाटणीत राखलेल्या काड्या वर्षानुवर्षे एकमेकींत गुंफून जमिनीलगत गोल टोपली विणतात. तिला तेथे ‘कुलुरा’ म्हणतात. घड तिच्या आतल्या बाजूला, पानांच्या आड वाढतात, त्यामुळे उन्हाळ्यात उत्तरेकडून घोंघावणारा मेल्तेमी वारा आणि त्याबरोबर उडणारी वाळू त्यांना झोडपत नाही, आणि थेट उन्हाने मणी करपतही नाहीत. समुद्रावरून रात्री येणारा दमटपणा प्युमिस शोषून घेते आणि वेल त्यावरही जगते. काही दशकांनी टोपलीचे उत्पन्न फारच घटले की ती बुडाशी कापून टाकतात आणि जुन्या मुळावर नवा फुटवा वाढवतात. म्हणूनच वरची वेल तरुण दिसली तरी खालचे मूळ कितीतरी जुने असू शकते. हे सारे काम वाकून, हातानेच करावे लागते आणि हेक्टरी उत्पन्न अत्यल्प असते. पर्यटनासाठी जमिनीला मागणी असलेल्या बेटावर या बागा टिकवणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

प्रतिसाद – जुनी मुळे

मातीचे महत्त्व मान्य आहे, परंतु वाणाचे श्रेय कमी लेखू नये. असिर्तिकोची लागवड आता ग्रीसच्या मुख्य भूमीवर, हाल्किदिकी आणि द्रामा भागांत होते आणि ऑस्ट्रेलियातील क्लेअर व्हॅलीतही झाली आहे. त्या जमिनी अगदी वेगळ्या असूनही आम्लता बरीच टिकते. माझे मत असे की आंबटपणा मुळात वाणाचा आहे. बेट त्याला अधिक धार देते आणि कमी उत्पन्नातून येणारा घट्टपणा जोडते.

इतिहासाविषयी मात्र सावध राहावे. बेटावरच्या अक्रोतिरी या प्राचीन नगरातील उत्खननावरून ज्वालामुखीच्या महाउद्रेकापूर्वीच बेटावर द्राक्षे आणि वाइन होती, हे दिसते. पण इसवी सनपूर्व सुमारे १६०० च्या त्या महाउद्रेकाने बेट राखेखाली गाडले आणि मनुष्यवस्ती दीर्घकाळ खंडित झाली. वाण याच बेटाचा मानला जातो, तरी ‘अखंड’ हा शब्द मला पटत नाही; परंपरा अतिप्राचीन आहे, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

प्रतिसाद – काळी मृत्तिका

दोघांचेही आभार. चवीत खारटपणा आणि ओल्या दगडाचा भास येतो असे सांगतात. तो थेट मातीतून येतो का?

प्रतिसाद – पिंपघर

मुळे दगडाची चव शोषून पेल्यापर्यंत आणत नाहीत. या द्राक्षाला फळांचा गंध मर्यादित आहे. लिंबू, मोसंबी वर्गातील साल, थोडा धूर एवढेच. फळ मागे आणि आम्ल पुढे असले की जिभेला तो भास होतो, हे स्पष्टीकरण मला अधिक योग्य वाटते. वाइन फार थंड करू नका, नाहीतर केवळ आंबटपणाच कळेल. काही वर्षे मुरल्यावर तिला मधाचा आणि मेणाचा गंध येतो.

या आम्लतेचा खरा कस मात्र व्हिन्सांतो या बेटावरच्या गोड वाइनमध्ये लागतो. त्यासाठी द्राक्षे काही दिवस उन्हात वाळवतात, त्यात असिर्तिको निम्म्याहून अधिक असते आणि जोडीला बहुधा आयदानी व अथिरी ही पांढरी द्राक्षे. मग ती वाइन किमान २ वर्षे ओकच्या पिंपांत मुरवतात. अंजीर, मनुका, कॅरमेल अशी दाट गोडी असूनही ती घशाशी बसत नाही, कारण वाळवताना साखरेबरोबर आम्लही घट्ट झालेले असते.