ई२० पेट्रोलने जुन्या गाडीचं इंजिन खराब होतं का?

कोथरूडकर: माझी गाडी २०१४ ची. पावसाळ्यानंतर बॉनेटखालून पेट्रोलचा वास यायला लागला. मेकॅनिकने पाइप काढून हातात दिला, तर रबर फुगून मऊ पडलेलं, बोटांना चिकटत होतं. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. ते सोसणारे भाग गाड्यांत एप्रिल २०२३ पासून यायला लागले. त्याआधीच्या गाडीवाल्यांनी काय करायचं? ई२० चं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते पाच वर्षं अलीकडे ओढलं. आमच्या पंपावर आता ई१०, म्हणजे १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतच नाही.

गॅरेजवाला, सांगली: साहेब, अकरा वर्षांचा पाइप साध्या पेट्रोलवरही जातो. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह ई२० ने गेलेले मी अजून पाहिले नाहीत. उलट इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, इंजिन नॉक (ठकठक) कमी करतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सांभाळून घेतो. खरा त्रास कार्ब्युरेटरच्या बाइकला आणि महिनोन्महिने उभ्या गाडीला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. अशा बाइकचा फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी, उघडला की आत गंजाची पांढरी पूड दिसते. ब्राझील २७ टक्क्यांवर वर्षानुवर्षं चाललाच ना?

कोथरूडकर: ब्राझीलने १९७० च्या दशकापासून पायरी पायरीने वाढवलं. २००३ पासून तिथे फ्लेक्स, म्हणजे इथेनॉलच्या कुठल्याही प्रमाणावर चालणाऱ्या, गाड्या आहेत. आणि मायलेजचं काय? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की, मूळ ई० (बिनइथेनॉलच्या पेट्रोल) साठी बनवून ई१० ला जुळवलेल्या चारचाकीची कार्यक्षमता ई२० वर ६-७ टक्के घटते. लिटरमागे ऊर्जाच कमी, तर भाव तोच का?

शिरोळचा शेतकरी: पाइपाचा खर्च दिसतो तुम्हाला, आमची बिलं नाही दिसत. साखर गोदामात पडून असली की उसाचे पैसे अडकतात. इथेनॉलचे पैसे कारखान्याला लवकर मिळतात, म्हणून एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, हातात पडते. डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली, तेव्हा आमच्या पोटात गोळा आला होता.

कोथरूडकर: तुमच्या उसाच्या पैशांवर माझा राग नाही, दादा. ते मिळालेच पाहिजेत. पण जुन्या गाड्यांसाठी पंपावर एक नोझल ई१० चं ठेवा, एवढंच मागणं आहे.

गॅरेजवाला, सांगली: हे मात्र मला पटतं. तोवर पाइप बदलताना व्हायटन रबराचाच मागा, साध्या रबराचा नको. आणि गाडी उभी ठेवणार असाल, तर पेट्रोल जुनं होऊ देऊ नका.