भरतनाट्यमची वर्षं फुकट कशी?

'कंटेम्पररी, म्हणजे समकालीन नृत्यच करायचंय तर भरतनाट्यम शिकण्यात घालवलेली वर्षं फुकट' असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. अजिबात पटलं नाही. माझी भाची इथेच, बडोद्याच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत भरतनाट्यम शिकली. (हे नृत्य इथे जुनंच. १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाई सयाजीरावांच्या राणी झाल्या, त्यांच्यामुळे तिथल्या नर्तकी दरबारात आल्या.) पुढे भाचीने बंगळूरला समकालीन नृत्याची कार्यशाळा केली. ताल, दम, अरैमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायच्या पवित्र्यात) कमावलेल्या मांड्या, सगळं कामी आलं. अडलं ते जमिनीवर लोळताना. ताठ पाठ सैल सोडवेना, आठवडाभर खांदे काळेनिळे! पैशाचं म्हणाल, तर नवरात्राआधी ती घेते ते गरब्याचे क्लासच हात देतात. स्वतःच्या नृत्यरचना उरलेल्या महिन्यांत.