सुट्टीत घरी सगळ्यांनी मिळून पाहायचे मराठी सिनेमे : कोणते, आणि नीट दिसावेत-ऐकू यावेत म्हणून काय करावं?

खिडकीकडची_जागा :
मंडळी, सुट्टीत रविवारी दुपारी मराठी सिनेमा लावायचा बेत आहे. पाहणारे चौघं : आजी ७८ वर्षांच्या, कमी ऐकू येतं; मुलगा १० वर्षांचा; आणि आम्ही दोघं. टीव्ही ४३ इंची, भिंतीवर. सोफा साधारण ९ फुटांवर. खिडकी पश्चिमेला. वेगळे स्पीकर नाहीत.

प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या सिनेमांपासून अलीकडच्यापर्यंत काय काय घ्यावं? आणि जुने सिनेमे लावले की माणसं बुटकी नि रुंद दिसतात, आवाजात सतत घरघर असते. हे सिनेमेच तसे आहेत की टीव्हीत काही बदलता येतं?

रीळ_चौकोनी :
बुटकी माणसं हा सिनेमाचा दोष नाही. त्या काळच्या चित्राची रुंदी उंचीच्या जेमतेम १.३७ पट असे, तुमच्या टीव्हीची १.७८ पट आहे. मोकळी जागा राहू नये म्हणून टीव्ही चित्र आडवं ताणतो. सेटिंगमध्ये 'पिक्चर साइज' किंवा 'आस्पेक्ट' शोधा आणि ४:३ किंवा 'ओरिजिनल' निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते यायलाच हवेत. 'झूम' मात्र निवडू नका, त्यात डोकी आणि पाय कापले जातात.

तपासायची सोपी युक्ती : प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारी फुंकणारी स्त्री पूर्ण दिसते का ते पाहा. पुढे कुठे बैलगाडी आली तर चाक गोल आहे का तेही पाहा. चाक अंड्यासारखं दिसलं तर चित्र अजून ताणलेलंच आहे. कधी कधी यूट्यूबवर चढवलेली प्रतच ताणलेली असते, तिथे टीव्हीला ४:३ ची सक्ती करून चित्र परत जागेवर येतं. एका सिनेमाच्या बऱ्याच प्रती सापडतात, त्यांतली चाक गोल असलेली निवडा. वर 'एचडी' लिहिलंय याला फार अर्थ नाही, पुष्कळदा मूळ प्रत व्हीसीडीची, म्हणजे अवघी ३५२ × २८८ ठिपक्यांची असते.

आता अंतर. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. ४:३ केल्यावर चित्र ७१ सेंटिमीटरच उरतं, म्हणजे ३५ इंची टीव्ही पाहिल्यासारखं. ९ फुटांवरून चेहऱ्यावरचे भाव हरवतात. नव्या सिनेमांना ६ फूट ठीक, जुन्यांना ५ फूट. सोफा हलत नसेल तर पुढे सतरंजी टाका आणि आजींना खुर्ची द्या.

आणखी दोन गोष्टी. 'मोशन स्मूदिंग' (प्रत्येक कंपनी नाव वेगळं देते) पूर्ण बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. आणि रंगाचं तापमान 'वॉर्म'वर ठेवा; 'कूल' किंवा 'व्हिव्हिड'मध्ये कृष्णधवल चित्र निळसर होतं. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर ऊन थेट येईल. जाड पडदा लावा, नाहीतर सावलीतलं सगळं एकसारखं काळं होईल.

कान_देऊन :
चित्राचं वर आलंच आहे, मी आवाजाचं सांगते.

आधी घरघर कुठली ते ठरवा. नव्या सिनेमातही ती असेल तर दोष जोडणीत आहे : केबल, सेट-टॉप बॉक्स किंवा अर्थिंग. फक्त जुन्यातच असेल तर ती फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपट्टीची झीज आहे. ती पुसता येत नाही, कमी करता येते. बेस दोन-तीन घरं खाली आणा. ट्रेबल वाढवू नका. त्या ध्वनिमुद्रणात उंच पट्टीत फारसं काही नसतंच, त्यामुळे ट्रेबल वाढवलं की शब्द स्पष्ट होत नाहीत, नुसती खरखर वाढते.

'ऑटो व्हॉल्यूम' जुन्या सिनेमांना तर बंदच ठेवा. शांतता आली की ते आवाज आपोआप चढवतं आणि तेवढ्यात खरखर उसळून वर येते. 'कुंकू' (१९३७) पाहताना हे फार जाणवेल, कारण दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत वापरलेलंच नाही. घड्याळाची टिकटिक, दारं, पावलं, असे प्रसंगातलेच आवाज आहेत. त्या शांततेतच म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेल्या नीराचा संताप उभा राहतो. शांता आपट्यांचं काम पाहण्यासाठी तरी हा सिनेमा चुकवू नका.

नव्या सिनेमांत उलट अडचण येते : गाणी मोठी, संवाद बारीक. मूळ आवाज ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा असतो आणि तुमच्या टीव्हीला दोनच स्पीकर. आवाजाच्या सेटिंगमध्ये 'स्टीरिओ' किंवा 'पीसीएम' निवडा, ओटीटीवर ऑडिओचा पर्याय असेल तर तिथेही स्टीरिओच घ्या. मग 'क्लिअर व्हॉइस'सारखं काही असेल ते चालू करा.

आजींसाठी सगळ्यांचा आवाज वाढवू नका. बऱ्याच टीव्हींत 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'मध्ये हेडफोन आणि स्पीकर एकदम चालू ठेवायची सोय असते. हेडफोन वायरचा घ्या. ब्लूटूथचा आवाज मागे पडतो आणि ओठांशी जुळत नाही, आणि कमी ऐकू येणारी माणसं ओठ पाहूनच निम्मं समजून घेतात.

पहिला_खेळ_तीनचा :
यादीचं बोलू. दहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच रविवारी 'कुंकू' दाखवू नका, सिनेमा कितीही थोर असला तरी. सुरुवात 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने (२००९, परेश मोकाशी) करा. दोन तासांच्या आत संपतो, दादासाहेब फाळक्यांचं काम नंदू माधव यांनी केलंय, आणि घरातली भांडीकुंडी विकून सिनेमा करायचा म्हणजे काय हे मुलाला हसत हसत कळतं. फाळक्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट (फ्रेम) टिपली होती. तेच मुलाला मोबाइलच्या टाइम-लॅप्सने करून पाहता येईल. कुंडीत भिजवलेला वाटाणा आणि स्टँडवर न हलणारा मोबाइल, एवढंच लागतं. दिव्याचा उजेड मात्र कायम ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं.

त्याच दिवशी फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'चा (१९१९) उरलेला भाग लावा. त्यात कृष्ण झालीये त्यांची मुलगी मंदाकिनी. मूकपट हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर, सेकंदाला बहुधा १६ ते १८ चौकटींनी घेतलेले असत. आज ते २४ ने चालवले की माणसं टुणटुण उड्या मारतात. प्लेयरमध्ये वेग ०.७५ करा, म्हणजे १८ होतो. चालणं नैसर्गिक दिसलं की बरोबर. आधीच जड वाटत असेल तर त्या प्रतीत वेग सुधारलेला आहे, तिला हात लावू नका.

दुसऱ्या रविवारी 'वळू' (२००८, उमेश कुलकर्णी). मोकाट वळू, त्याला पकडायला आलेला फॉरेस्टचा साहेब आणि सगळं गाव. गर्दी-गोंगाटात पाहिला तरी काही बिघडत नाही. मग 'संत तुकाराम' (१९३६). आजींना विष्णुपंत पागनिसांचे अभंग, मुलाला चमत्कार, आणि आजारी पोराला घेऊन देवळात विठोबाशी भांडायला निघालेली तुकारामांची बायको जिजाई (काम गौरीचं) तर सगळ्यांनाच. त्यातलं 'आधी बीज एकले' गाथेत शोधू नका, ते शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आहे.

'किल्ला' (२०१४, अविनाश अरुण) दुपारी लावू नका. तो पाहायचा रात्री, दिवे मालवून. कोकणातला पाऊस, समुद्र, ओले रंग. आणि पाऊस-समुद्र म्हणजे क्षणोक्षणी बदलणारं चित्र. नेट मंद असलं की तिथेच सगळ्यात आधी चौकोन पडतात. ओटीटीवर डाउनलोडची सोय टॅबलेटवर असेल तर तसं पाहा, नाहीतर राउटरपासून टीव्हीला थेट वायर जोडा.

'सैराट' (२०१६) मुलासाठी नाही, शेवट फार निर्घृण आहे. मोठ्यांनी पाहायचा तर १७४ मिनिटं हाताशी ठेवा. अगदी शेवटी आवाज मुद्दाम काढून घेतलाय. रिमोट शोधायला उठू नका.

रीळ_चौकोनी :
'वळू' आणि 'संत तुकाराम' यांच्यामध्ये 'शेजारी' (१९४१) घाला. दोन जिवलग म्हातारे, एक हिंदू, एक मुसलमान, आणि गावाजवळ येणारं धरण. धरण फुटतं तो भाग मुलगा डोळे विस्फारून पाहील. याच सिनेमाच्या हिंदी 'पडोसी'त मुसलमान मिर्झाचं काम गजानन जागीरदारांनी केलं आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान. आजींशी बोलायला चांगला विषय आहे.

खिडकीकडची_जागा :
४:३ सापडलं, चाक गोल झालं! एक शंका. आजींना सलग दोन तास बसवत नाही. कुठे थांबवावं? आणि डीव्हीडीवरचा सिनेमा वेष्टनावर छापलेल्या वेळेपेक्षा लवकर संपतो, म्हणजे कापलेला आहे का?

कान_देऊन :
थांबायचं मध्यंतरालाच. अर्धा तास झाला की थांबलो, असं करू नका. बऱ्याच मराठी सिनेमांची पटकथा मध्यंतर धरून लिहिलेली असते आणि त्याआधीचा प्रसंग त्यासाठीच चढवलेला असतो. ज्या प्रतीत मध्यंतराची पाटी उडवली आहे तिथे एकूण वेळेच्या निम्म्यावर जा आणि पाच-दहा मिनिटं मागेपुढे पाहा. बहुधा पडदा काळा होतो किंवा जागा नि काळ बदलतो.

लवकर संपणं म्हणजे काप असेलच असं नाही. फिल्म २४ चौकटींची, आपल्याकडच्या डीव्हीडी पुष्कळदा २५ च्या. १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित वरच्या पट्टीत जातो, पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या (काळ्या धरून) अंतरापेक्षा थोडा कमी. पागनिसांचा आवाज बारीक वाटला तर हे कारण. संगणकावर व्हीएलसी प्लेयरमध्ये वेग ०.९६ केला की वेळ जागेवर येते. पण वेग बदलताना पट्टी तशीच राखायची सोय त्यात आधीच चालू असते; ती बंद केली तरच आवाजही खाली उतरतो. फरक पाच मिनिटांहून बराच जास्त असेल, तर मात्र प्रत कापलेली आहे, दुसरी शोधा.