मल्टिकास्ट व्हीलॅनला मराठीत काय म्हणावं?

धुळ्याहून: कॉलेजच्या होस्टेलांत नेटवर्कच्या स्विचवरून टीव्हीचे चॅनल सोडायचं काम चाललंय. सूचना मराठीत लिहायला सांगितल्यात. ‘मल्टिकास्ट’ला ‘बहुप्रक्षेपण’ लिहिलं, तर वायरमन म्हणाला, म्हणजे सगळ्या खोल्यांत का? नेमका उलटा अर्थ लागला, मल्टिकास्ट म्हणजे तर ज्यांनी मागितलं त्यांनाच. दुसरा शब्द सुचवा.

अमळनेरहून: त्याचं काय चुकलं? प्रक्षेपण म्हटलं की फेकणं आलं. गंमत म्हणजे इंग्रजी ब्रॉडकास्टही मुळात वावरातलाच शब्द, हाताने बी विखरून पेरणं. आपण फोकणं म्हणतो तेच. मग एकेक बी टोकणं ते युनिकास्ट, म्हणजे एकालाच पाठवणं, आणि पाभर ते मल्टिकास्ट. मूठ एकाच चाड्यात सोडायची, बी ठरल्या नळ्यांतूनच पडणार.

साक्रीहून: भाऊ, पाभर झकास, पण बी कुठल्या तासाने मागितलेलं नसतं. इथे मागावं लागतं. टीव्हीचा डबा आयजीएमपीचा (मल्टिकास्ट मागायची-सोडायची ठरलेली पद्धत) ‘जॉइन’ निरोप पाठवतो, तो म्हणजे सात नंबरचा पाणी अर्ज. स्विच ते अर्ज वाटेतच वाचतो, ते स्नूपिंग. अर्ज आला त्या पोर्टाला चॅनल, बाकी कोरडे.

आणि व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं जाळं, तो आपला फड. आमच्याकडे पांझरेवरच्या बंधाऱ्यांखाली फड पाडलेले आहेत, एका फडात एकच पीक, पाणी सोडलं की त्या फडापुरतं. आता दहा व्हीलॅनांत तोच चॅनल हवा असेल, तर राऊटर एकाच तारेतून त्याच्या दहा प्रती पाठवतो. मल्टिकास्ट व्हीलॅन केला की एकच प्रत येते आणि फोड स्विचवर होते. म्हणून मी ‘सामाईक पाट’ म्हणेन.

धुळ्याहून: पण पाटाला चाऱ्या फोडल्या की पाणी कमी होतं. इथे तर शेवटच्या खोलीलाही पूर्ण चॅनल.

साक्रीहून: तेवढं मान्य. टेलच्या वावराला पूर्ण पाणी देणारा पाट अजून कुणी बांधलेला नाही.

अमळनेरहून: मग क्वेरियरला, म्हणजे चॅनल कुणाला हवंय ते विचारत राहणाऱ्याला, ‘पाटकरी’ लिहा, आणि तो नेमायला विसरू नका. गेल्या वर्षी एका ठिकाणी मी स्नूपिंग चालू केलं आणि क्वेरियर ठेवलाच नाही. चित्र छान लागायचं, चार-सव्वाचार मिनिटांनी थिजायचं. डबा बंद करून चालू केला की परत चार मिनिटं. रात्री अकरापर्यंत केबली बदलत बसलो. नेहमीच्या सेटिंगात दर १२५ सेकंदांनी ‘कुणाला हवंय?’ अशी विचारणा होते, आणि २६० सेकंद कुणाचा होकार आला नाही की स्विच त्या पोर्टाचं नाव काढून टाकतो. डबे होकार द्यायला तयार होते हो, विचारणाराच नव्हता.

धुळ्याहून: ‘सामाईक पाट’ लिहिलं. शेजारी ‘मल्टिकास्ट व्हीलॅन’ही ठेवलंय, स्विचच्या पडद्यावर तेच दिसणार ना. वायरमनने वाचलं आणि लगेच विचारलं, पाट कोणत्या पोर्टात येतो? म्हटलं, २४ नंबर. बाकी सगळ्या चाऱ्या.