होळकर क्रिकेटवरील रेडिओ मुलाखतीसाठी पाहुणे हवे आहेत: मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. इंदूरमधील एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर संध्याकाळी होणाऱ्या मराठी गप्पांच्या कार्यक्रमाचे संयोजन सध्या माझ्याकडे असून, पुढील काही भागांसाठी पाहुणे सुचवावेत, अशी आपणांस विनंती आहे.

पहिला विषय इंदूरच्या होळकर संस्थानाच्या जुन्या क्रिकेट संघाचा आहे. कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली या संघाने रणजी करंडक 4 वेळा जिंकला, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु 1944-45 च्या अंतिम सामन्यात मुंबईने 867 धावांचे लक्ष्य दिले असताना होळकर संघाकडून खेळणारे इंग्लंडचे फलंदाज डेनिस कॉम्प्टन नाबाद 249 आणि मुश्ताक अली 139 धावा करून झुंजले आणि तरीही सामना हातचा गेला, ही हकिकत (माझ्या मते ती त्या विजयांहून रंगतदार आहे) सांगणारा माणूस मिळत नाही. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांकडून त्या काळच्या आठवणी ऐकायला मिळाल्या असतील किंवा जुनी कात्रणे जपलेली असतील, असे कोणी रामबाग परिसरात आहे काय?

दुसरा भाग गायक उस्ताद अमीर खाँ यांच्या अतिविलंबित (अतिशय संथ लयीतील) ख्यालावर आहे. त्यासाठी गाऊन दाखवू शकणारे पाहुणे असल्यास उत्तम. केवळ आठवणी सांगणारे पुष्कळ भेटतात.

कार्यक्रम थेट प्रसारित होत असल्याने कागदावरून वाचन टाळावे लागते, कारण पान उलटल्याची सळसळ मायक्रोफोन हमखास टिपतो. नाव सुचवण्यापूर्वी संबंधितांची संमती घ्यावी आणि त्यांचा क्रमांक येथे जाहीर न करता मला खासगी संदेशाने कळवावा.